मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च : शेतकरी कुटुंबाने करावयाचे नियोजन

खरीपाची पेरणी आणि महाविद्यालयांचे प्रवेश या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास येतात. मृगाच्या सरी पडल्या की बियाणे, खते आणि मजुरी यांसाठी पैसा लागतो. त्याच जून ते ऑगस्टच्या दरम्यान बारावी झालेल्या मुलाची किंवा मुलीची फी, वसतिगृहाची अनामत आणि खानावळीची आगाऊ रक्कम भरावी लागते. शेतकऱ्याच्या घरात वर्षभरात सर्वांत कमी पैसा नेमका याच वेळी असतो. नोकरदाराला दर महिन्याला पगार मिळतो, त्यामुळे त्याला ही अडचण सहसा भेडसावत नाही. म्हणून शहरी कुटुंबासाठी दिलेला बचतीचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या पीक पद्धतीशी जुळणारे नियोजन आपणच करावयास हवे.

अडचणीच्या वेळी बहुतेक घरांत पीककर्जातून फी भरली जाते. हा मार्ग सोपा वाटतो, पण महाग पडतो. महाराष्ट्रात तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र शासनाची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे कोठेही मिळत नाही. परंतु तो फीकडे वळविला की खताची मात्रा कमी होते, तणनाशकाची किंवा कोळपणीची वेळ टळते, उत्पादन घटते आणि कर्ज मुदतीत फिटत नाही. मग सवलत जाते, खाते थकबाकीत जाते आणि पुढील वर्षी नवे पीककर्ज मिळत नाही. दुसऱ्या वर्षाची फी मात्र जूनमध्ये ठरल्याप्रमाणे समोर उभी राहते. पीककर्जाचा पैसा पिकालाच लावावा. शिक्षणाची तरतूद वेगळी असावी.

खर्चाचा अंदाज : फी म्हणजे सर्व खर्च नव्हे

पालक प्रवेशाच्या वेळी 'फी किती?' एवढेच विचारतात. प्रत्यक्षात शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या खर्चात फीचा वाटा बरेचदा लहान असतो. मोठा वाटा राहण्याचा आणि जेवणाचा असतो. त्याशिवाय अनामत रक्कम, पुस्तके, प्रात्यक्षिकांच्या वह्या, गणवेश किंवा अॅप्रन, एस. टी. चे भाडे, मोबाइलचा रिचार्ज, परीक्षा शुल्क आणि आजारपण हे सर्व धरावे लागते. कृषी पदवीच्या अंतिम वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थ्याला गावात राहावे लागते, तेव्हा जाण्यायेण्याचा खर्च वाढतो. अभियांत्रिकीला संगणक लागतो. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा आहे, तेथील दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना भेटून महिन्याचा खरा खर्च विचारावा. माहितीपुस्तिकेतील आकड्यापेक्षा त्यांचा आकडा अधिक विश्वासाचा असतो.

त्यानंतर एका वहीत वर्षांचे आडवे कोष्टक आखावे. उदाहरणादाखल, दोन हेक्टर कोरडवाहू जमीन, सोयाबीन अधिक तूर, थोडा हरभरा आणि दोन म्हशी असलेले मराठवाड्यातील एक कुटुंब घेऊ. मुलगी अकरावी शास्त्र शाखेत आहे व मुलगा नववीत आहे. दोघांनी चार वर्षांचा अभ्यासक्रम घेतला तर महाविद्यालयीन खर्चाची एकूण सहा वर्षे होतात. पहिली दोन वर्षे एकटीचा खर्च, मधली दोन वर्षे दोघांचा आणि शेवटची दोन वर्षे एकट्याचा. यातील मधली दोन वर्षे सर्वांत धोक्याची आहेत. मुलीच्या प्रवेशावेळी घरातील सर्व शिल्लक संपविली तर दोन वर्षांनी मुलाच्या वेळी घर अडचणीत येते. अशा वेळी 'मुलीचे शिक्षण थांबवू, तिचे पुढे बघू' असा निर्णय घेतला जातो. अर्धवट सोडलेल्या पदवीला बाजारात किंमत नसते. त्यावर झालेला खर्च उभ्या पिकात नांगर घालण्यासारखा वाया जातो. हे कोष्टक नवरा-बायको दोघांनी मिळून करावे आणि मुलांनाही दाखवावे. घरची खरी स्थिती माहीत असलेली मुले खर्च जपून करतात, असा आम्हां अध्यापकांचा अनुभव आहे. ज्यांच्यापासून ती लपविली जाते, त्यांना ती सावकार दारात आल्यावर कळते.

बचत लवकर सुरू करण्याचा हिशोब

आंब्याचे कलम लावल्यावर फळाला काही वर्षे थांबावे लागते, हे आपणांस माहीत आहे. बचतीचेही तसेच आहे. पोस्टाच्या आवर्ती ठेवीवर २०२४-२५ मध्ये वार्षिक ६.७ टक्के व्याज होते. हा दर कायम राहील असे धरून दरमहा २,००० रुपये पाच वर्षे भरले तर १ लाख २० हजारांचे सुमारे १ लाख ४२ हजार रुपये होतात. तेच खाते आणखी पाच वर्षे वाढवून दहा वर्षे चालविले तर २ लाख ४० हजारांचे सुमारे ३ लाख ४१ हजार होतात. हीच ३ लाख ४१ हजारांची रक्कम पाचच वर्षांत उभी करावयाची तर दरमहा जवळजवळ ४,८०० रुपये भरावे लागतील. मूल दुसरीत असताना सुरुवात करणे आणि सातवीत असताना सुरुवात करणे यांत एवढा फरक पडतो. दुसऱ्या बाजूने शिक्षणाचा खर्चही वाढत असतो. तो दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला असे धरले तर साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतो. म्हणून आजच्या खर्चावर आधारलेली तरतूद दहा वर्षांनी अपुरी पडणार, हे गृहीत धरूनच चालावे.

दरमहा हप्ता भरणे केवळ शेतीवर असलेल्या घराला जमत नाही. ज्यांच्याकडे दूध आहे त्यांना मात्र ते जमते, कारण दुधाचा पगार ठराविक दिवसांनी हाती येतो. म्हणून दुधाच्या पैशातून आवर्ती ठेव आणि पिकाच्या पैशातून वर्षातून एकदा किंवा दोनदा भरणा, अशी विभागणी करावी. वर्षाला एकरकमी भरणा चालणाऱ्या योजना शेतकऱ्याला अधिक सोयीच्या असतात. मुलीसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना या दृष्टीने चांगली आहे. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी खाते उघडावे लागते. वर्षाला किमान २५० रुपये आणि कमाल दीड लाख रुपये, कितीही हप्त्यांत भरता येतात. भरणा पंधरा वर्षे करावयाचा असतो. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी मागील वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. २०२४-२५ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के होता. शासन दर तिमाहीला दर ठरविते. मुलासाठी भविष्य निर्वाह निधीचे सार्वजनिक खाते (पी. पी. एफ.) आहे, त्याची मुदत पंधरा वर्षांची आहे. मूल जन्मल्यावर दोनतीन वर्षांत ते उघडले तर मुदत बरोबर महाविद्यालयाच्या वेळी भरते.

पिकाच्या पैशातून वाटा काढण्याची वेळ महत्त्वाची आहे. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, तुरीचे जानेवारीत, हरभऱ्याचे मार्चमध्ये आणि उन्हाळ कांद्याचे एप्रिल-मेमध्ये. पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात शिक्षणाचा वाटा बाजूला काढावा. लग्नसराई सुरू झाल्यावर शिल्लक राहील ते टाकू म्हटले तर काहीच राहत नाही. किती वाटा काढावा याचा नियम सांगता येणार नाही, परंतु रुपयांत ठरविण्याऐवजी पोत्यांत ठरविणे अनेकांना सोपे जाते. दहा पोत्यांमागे एक पोते शिक्षणाचे असे ठरले की चांगल्या वर्षी आपोआप जास्त आणि दुष्काळी वर्षी कमी बाजूला पडते, आणि संकल्प मोडत नाही.

दिवाळीला भाव पडलेले असतात आणि पैशाची निकड असते, म्हणून माल कमी दराने विकला जातो. अशा वेळी बाजार समितीची शेतमाल तारण कर्ज योजना उपयोगी पडते. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. समजा दर क्विंटलला ४,००० रुपये आहे आणि दहा क्विंटल सोयाबीन ठेवले, तर ३०,००० रुपये हाती येतात आणि सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये होते. भाव क्विंटलमागे शंभर रुपये जरी वाढला तरी व्याज निघून जाते. मात्र भाव वाढेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. आपली समिती ही योजना राबविते किंवा नाही याची चौकशी काढणीपूर्वीच करावी.

सवलती : कागदपत्रे अकरावीपासूनच

हक्काची सवलत केवळ एका दाखल्यासाठी बुडणे ही गोष्ट दरवर्षी पाहावयास मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. आमच्या उदाहरणातील मुलगी यांपैकी कोणत्याही घटकात बसत असेल तर तिच्या फीचा प्रश्न जवळजवळ सुटतो; राहतो तो राहण्या-जेवणाचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे; अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, पण तिची माहिती अनेक पालकांना नसते.

यातील एक अट फार महत्त्वाची आहे. फीची ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही तिच्यातून वगळलेली आहेत. 'जवळचे कॉलेज आहे, लगेच सीट देतात' म्हणून तेथे प्रवेश घेतला तर चार वर्षांची सवलत एका सहीत जाते. पुढील फेरीची वाट पाहण्याचा धीर बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. मान्य केलेला आकडा पाहूनच पैसे भरावेत. त्याशिवाय देणगीच्या नावाने कोणी रक्कम मागितली तर १९८७ च्या कॅपिटेशन फी मनाई कायद्यानुसार ती बेकायदेशीर आहे. प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, सातबारा व आठ-अ उतारा आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला ही कागदपत्रे लागतात. यांपैकी जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज मूल अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत द्यावा. बारावीचा निकाल लागल्यावर वडील पेरणी सोडून तहसीलच्या रांगेत उभे राहतात, ते यामुळे टळते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात व रक्कम आधारशी जोडलेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते. दाखल्यांवरील नाव, आधारवरील नाव आणि बँकेतील नाव एकच असल्याची खात्री करावी. भत्त्याची रक्कम हाती पडायला वेळ लागतो. पहिल्या सहामाहीची खानावळ त्या भरवशावर ठेवू नये.

शैक्षणिक कर्ज : केव्हा, किती आणि कसे

बचत आणि सवलत यांतून उरणाऱ्या खर्चासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज घेण्यात कमीपणा नाही. शेत विकण्यापेक्षा किंवा खासगी सावकाराकडे गहाण टाकण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. जमीन एकदा गेली की त्या घराचा पुढील प्रत्येक हंगाम जातो. शिवाय अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर वडिलांच्या जमिनीचे ओझे बसते, ते वेगळेच. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही व स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. आईवडील सहकर्जदार असतात. केंद्राच्या हमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतचे कर्जही तारणाशिवाय देता येते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते व ती पंधरा वर्षांपर्यंत करता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या पी. एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे की नाही ते आधी पाहावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत असेल, तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष या मुदतीचे व्याज केंद्र शासन भरते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर देणे आवश्यक आहे.

ज्यांना ही सवलत मिळत नाही त्यांनी पुढील हिशोब नीट पाहावा. चार वर्षांत दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख याप्रमाणे ४ लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतले असे धरू. शिक्षणाच्या काळात व पुढील एका वर्षात सरळव्याज लागते. ते पाच वर्षांत १ लाख ४० हजार होते. ते भरले नाही तर परतफेड ५ लाख ४० हजारांवर सुरू होते आणि दहा वर्षांसाठी दरमहा सुमारे ७,१४० रुपयांचा हप्ता पडतो. हेच व्याज त्या त्या वर्षी भरत गेल्यास परतफेड ४ लाखांवर होते आणि हप्ता सुमारे ५,२९० रुपये येतो. आधी भरलेले व्याज धरूनही एकूण ८० हजारांहून अधिक रुपये वाचतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला ८३३ रुपये पडते. चौथ्या आणि पाचव्या वर्षी मात्र ते ३,३३३ रुपयांवर जाते, तेव्हा तयारी असावी. शिक्षण चालू असताना नियमित व्याज भरणाऱ्यास बँक एक टक्का सवलतही देऊ शकते. अर्ज करतानाच ती विचारावी. हप्ता लहान वाटावा म्हणून पंधरा वर्षांची मुदत घेतली तर ५ लाख ४० हजारांच्या कर्जापोटी सुमारे साडेदहा लाख रुपये भरावे लागतात. दहा वर्षांत ते साडेआठ लाखांच्या आसपास राहतात.

किती कर्ज घ्यावे, हे महाविद्यालयाची फी पाहून ठरवू नये. त्या पदवीनंतर सुरुवातीला मिळणारा पगार किती, हे मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्यांना विचारावे आणि त्यातून राहण्याचा खर्च जाऊन हप्ता निघेल काय ते पाहावे. निघत नसेल तर संस्था किंवा अभ्यासक्रम बदलण्याचा विचार प्रवेशापूर्वीच करावा. राज्यातील राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांची शासकीय महाविद्यालये, तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला जाण्याचा मार्ग, किंवा काम करीत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेणे, हे पर्याय कमी प्रतीचे समजण्याचे कारण नाही. गावात कोणाचा मुलगा कोठे शिकतो याच्या चढाओढीत घेतलेले प्रवेश पुढे कर्जात रुतलेले आम्ही पाहिले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजविलेली 'कमवा आणि शिका' योजना अनेक महाविद्यालयांत आजही चालते. आठवड्याला काही तासांचे काम करून मुलाचा हातखर्च निघतो.

बँकेत जाण्यापूर्वी वडिलांचे पीककर्ज नियमित असणे फार आवश्यक आहे. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीनंतर 'थांबा, पुन्हा माफी येईल' म्हणून ऐपत असूनही कर्ज न भरण्याची सवय काही ठिकाणी लागली आहे. माफी येवो न येवो, तोपर्यंत थकबाकीची नोंद होते आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचे नाव पाहताच शैक्षणिक कर्जाचा अर्ज अडतो. घरात बारावीचे मूल असेल तर त्या वर्षी व त्याआधीच्या वर्षी तरी पीककर्ज मुदतीतच भरावे. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करावा, म्हणजे त्याची नोंद राहते. सोबत गुणपत्रके, प्रवेशपत्र, महाविद्यालयाच्या सहीशिक्क्याचे चारही वर्षांच्या खर्चाचे पत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा जोडावा. खर्चाच्या पत्रकात वसतिगृह, खानावळ, पुस्तके व संगणक यांचाही उल्लेख करून घ्यावा, कारण हा खर्चही कर्जात बसतो आणि नंतर तो वाढवून मिळणे कठीण जाते. शाखेने तोंडी नकार दिल्यास तो लेखी मागावा. आदर्श योजनेनुसार अर्ज नाकारण्यास वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती लागते, त्यामुळे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे ते पत्र घेऊन जाता येते. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक निकालाची प्रत बँकेत मे-जूनमध्येच द्यावी, म्हणजे पुढील हप्ता पेरणीच्या गडबडीत अडकत नाही.